पाण्यात उतरलेली वाट

खंबाटकीच्या घाटात पाऊस इतका दाट होता की, मोटारीच्या मागे रॅकवर बांधलेल्या आमच्या दोन सायकली मागच्या काचेतून नुसत्या काळ्या रेघांसारख्या दिसत होत्या. मित्र मोटार चालवत होता आणि दर वळणावर मला विचारत होता, "आहेत ना रे दोन्ही?" पट्टे आम्ही दोघांनी मिळून पुण्यातच आवळले होते आणि ते सैल होण्यासारखे नव्हते, तरी मी प्रत्येक वेळी वळून पाहत होतो आणि "आहेत" म्हणत होतो. जुलैचा पहिला आठवडा होता. साताऱ्यात मोटार लावायची, यवतेश्वराच्या घाटाने कास पठारावर चढायचे, पलीकडे बामणोलीला कोयनेच्या जलाशयापर्यंत उतरायचे, तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तोच डोंगर परत चढायचा आणि अंगात त्राण उरले तर ठोसेघर, चाळकेवाडीकडे एक फेरी मारायची, असा तीन दिवसांचा बेत होता.

ज्यांना ज्यांना हा बेत सांगितला त्या सर्वांनी आम्हाला सप्टेंबरात जाण्याचा सल्ला दिला. तो चुकीचा नव्हता. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे, आणि ते ज्या फुलांसाठी ओळखले जाते ती ऑगस्टच्या अखेरीपासून बहरतात. जुलैत तिथे धुके, वारा आणि पाणी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. परंतु तारीख मित्राने ठरवली होती, आणि का, असे विचारल्यावर त्याने एवढेच सांगितले होते : "पाणी खाली असताना जायचं आहे, पण माती भिजल्यावर." आमची मैत्री पंधरा वर्षांची आहे. तो कमी बोलतो तेव्हा त्याला विचारत बसू नये, तो आपणहून सांगेपर्यंत थांबावे, हे मी एव्हाना शिकलो आहे.

साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूने शहर मागे पडते आणि रस्ता लगेच चढू लागतो. पावसातल्या चढाचा एक नियम मित्राने मला फार पूर्वी घालून दिला होता : चढावर भिजावे आणि उतारावर झाकावे. चढताना रेनकोट घातला तर माणूस आतून घामाने भिजतो, आणि मग माथ्यावर वारा लागला की तो ओलावा हाडांपर्यंत जातो. त्यापेक्षा पावसाने भिजलेले बरे. रेनकोट पाठीवरच्या पिशवीत ठेवून आम्ही सर्वांत हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्या संथ गतीने चढत राहिलो. डाव्या हाताच्या कड्यावरून पाणी रस्त्यावर येत होते आणि आपल्याबरोबर बारीक खडे आणत होते. खाली सातारा शहर, त्यावर अजिंक्यतारा आणि त्याच्यावर ढग, असे थर काही वळणांपर्यंत दिसत होते. नंतर ढग आमच्याच भोवती आला आणि मित्राच्या सायकलीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत राहिला. धुक्यात आम्ही दोघांत वीस पावलांपेक्षा जास्त अंतर पडू देत नाही. पुढच्याने खड्डा पाहिला की तो एकदा घंटी वाजवतो, वाहन येत असले की दोनदा वाजवतो. ही आमची जुनी सोय आहे आणि त्या दिवशी ती सारखी वापरावी लागली.

पेट्रीच्या पुढे आम्ही डांबरी रस्ता सोडून एका वाडीकडे जाणारी कच्ची वाट धरली. माउंटन बाइक ज्यासाठी असते ते खरे तर इथे सुरू होते. टायरमधील हवा थोडी सोडली, म्हणजे टायर जमिनीवर पसरून बसतो आणि ओल्या दगडावर कमी घसरतो. वाट लाल होती. पाणी तिच्या मधोमध वाहत होते, तरीही चाके स्वच्छ राहत होती. जो काही चिखल टायरला लागे तो पुढच्या डबक्यात धुऊन निघे. मी हे मित्राला म्हणालो, तेव्हा तो उतरला, त्याने चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली आणि मला दाखवली. जांभ्याच्या त्या मातीत लोहाचे प्रमाण मोठे असते, आणि तिच्यातले चिकणकण पाण्याने फुगत नाहीत. काळ्या मातीतले कण मात्र पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात, म्हणून तिला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती जे सापडेल त्याला धरून ठेवते. काळ्या रानात भर पावसात सायकल घातली तर पन्नास पावलांत चाक आणि फोर्क यांच्यामधली जागा भरून जाते, चाक फिरणे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

"आमच्याकडे पावसात चप्पल हातात घेऊन चालायचो," तो म्हणाला. "एकेका पायाला किलोभर माती लागायची. आबांना तिचा फार राग यायचा."

मग ते सगळे, वाटेवर उभ्याउभ्या, त्याने सांगितले. मित्राचे बालपण सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात गेले, हे मला ठाऊक होते. पण त्याचे घराणे तिथले नव्हे. ते कोयनेच्या खोऱ्यातले. साठच्या दशकाच्या आरंभी धरणात पाणी अडू लागले तेव्हा खोऱ्यातल्या ज्या अनेक गावांना उठावे लागले, त्यांत त्याच्या आबांचे, म्हणजे आजोबांचे, गाव होते. कोयनेच्या विस्थापितांना सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा निरनिराळ्या जिल्ह्यांत जागा मिळाल्या. एका गावातले लोकही नेहमी एका ठिकाणी गेले नाहीत. आबांनी घराच्या दाराची चौकट काढून बरोबर घेतली होती आणि ती आजही त्यांच्या सोलापूरकडच्या घराला आहे. मित्राचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते तेव्हा चार वर्षांचे होते. त्या गावाची अण्णांना एकच आठवण आहे आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्या कशाचीही नाही : ते बैलगाडीत त्या चौकटीला धरून बसले होते आणि गाडीला दगडांवरून सारखे धक्के बसत होते.

आबांजवळ मात्र सांगण्यासारखे पुष्कळ होते. नाचणी आणि वरीची उतरती शेते, लावणीच्या दिवसांत पाठीवर घेतलेले इरले, दिवसचे दिवस न उघडणारी झड. सोलापूरकडे वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस होतो आणि कोयना जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात साडेपाच हजारांहून अधिक. जो माणूस दुसऱ्या पावसात वाढला त्याला पहिला पाऊस हा पाऊसच वाटला नसेल. घरावर सर आली की आबा अंगणात जात, तळहात पुढे धरत आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणत, "नुसता आवाज करतोय." मित्राने हे इतक्या साधेपणाने सांगितले की मला काय बोलावे ते सुचले नाही. आम्ही सायकलींवर बसलो आणि पुढे निघालो.

कासला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवरच्या त्या सपाटीवर वारा आडवा लागत होता आणि पाऊस खालून वर आल्यासारखा वाटत होता. इथे आमचा छोटासा वाद झाला. रस्त्याच्या कडेने सडा, म्हणजे पठाराची उघडी सपाटी, पसरलेला होता, मैलभर मोकळा, वर हिरवी साय धरलेली, आणि मला त्यावरून सायकल नेण्याचा मोह अनावर झाला. जाड टायरची सायकल घेऊन इतक्या लांब आल्यावर समोर अशी जमीन दिसली की पाय थांबत नाहीत. मित्राने हँडल धरले आणि "इथे नाही," म्हणाला. मी म्हणालो की गुरे चरतातच ना. तो म्हणाला, "गुरांचा खूर उमटतो आणि सुटतो. चाक चरी पाडत जातं, आणि मग सगळं पाणी त्या चरीतून पळतं."

त्याने मला रस्त्याच्या अगदी कडेला उकिडवे बसवले. वरून जी जमीन वाटत होती ती जमीन नव्हतीच. खाली जांभ्याचा अखंड कठीण थर होता आणि त्याच्या खळग्यांत बोटाच्या पेराएवढी माती साचलेली होती. त्या मातीला धरून ठेवणारे तेवढे त्या इवल्या रोपांच्या मुळांचे जाळे. एका उथळ डबक्यात वायतुरा उगवला होता. पाण्याबाहेर सरळ आलेला त्याचा दांडा वर जाऊन दुभंगतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा, आणि त्या दोन्ही शाखांवर फिकट गुलाबी, भाताच्या कणीएवढी फुले दाटीने लागतात. ही वनस्पती सह्याद्रीच्या पठारांखेरीज जगात कुठेही आढळत नाही, आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. वाऱ्याने डबक्यातले पाणी थरथरत होते, पण दांडा स्थिर होता. मी जर सायकल घातली असती तर बरोबर त्याच डबक्यातून गेली असती, कारण सायकलस्वाराला पाण्यातून जाण्याची ओढ असते. आपण निसर्गावर प्रेम करतो असे सांगत आपण त्याचे किती नुकसान करत असतो, हे मला त्या वेळी फार स्पष्टपणे जाणवले, आणि मित्राने वेळीच हात धरला याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पठार संपेपर्यंत आम्ही डांबर सोडले नाही.

कासच्या तलावाला वळसा घातल्यावर बामणोलीचा उतार लागतो. दहाबारा किलोमीटरांत रस्ता पाचशे मीटरांहून अधिक खाली जातो आणि मध्ये विसावा असा फारसा नाही. माझ्या सायकलीला तारेचे डिस्क ब्रेक आहेत. यवतेश्वरापासूनच त्यांत वाळू जाऊन खरखर येत होती आणि कासला मी तारेचा पेच दोन आटे आवळून घेतला होता. उताराच्या तिसऱ्या वळणावर खटका नेहमीपेक्षा जास्त आत गेला, पाचव्यावर तो हँडलला टेकला आणि पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला. समोर धुके होते आणि धुक्यात रस्ता कुठे वळतो ते दिसत नव्हते. मी मागचा ब्रेक धरून, एक पाय जमिनीवर घासत कसाबसा थांबलो आणि तीनदा घंटी वाजवली. हा संकेत आमच्या ठरलेल्या संकेतांत नव्हता, पण मित्र लगेच परत आला.

रस्त्याच्या कडेला एक छोटे देऊळ होते. त्याच्या ओसरीवर सायकल उलटी ठेवून आम्ही चाक काढले. ब्रेकचे पॅड मी महिन्यापूर्वीच नवे घातले होते. आता त्यांच्यावरचा काळा थर पार गेलेला होता आणि मागची लोखंडी पट्टी चकाकत होती. हे पॅड राळेत बांधलेल्या मिश्रणाचे होते. कोरड्या रस्त्यावर ते मऊ लागतात आणि आवाज करत नाहीत, पण वाळूमिश्रित पाणी त्यांना कानशीसारखे खाते. पावसाळ्यात धातूच्या भुकटीचे पॅड हवेत, ते गोंगाट करतात पण टिकतात. हे मला माहीत होते आणि तरी मी ते बदलले नव्हते. मित्राच्या पिशवीत, त्याच्या सायकलीला न चालणारे पण माझ्या सायकलीला चालणारे, धातूच्या पॅडचे दोन जोड होते. त्याने ते पुण्याहून निघताना माझ्यासाठी घेतले होते आणि मला सांगितले नव्हते.

एक गोष्ट त्या ओसरीवर आठवली. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारे ब्रेक असत, आणि उतारावर ते इतके तापत की हबमधले ग्रीस जळून धूर निघे; प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले, आणि माउंटन बाइकिंगचा इतिहास बहुतेक वेळा तिथून सांगितला जातो. मी हे मित्राला सांगितले तेव्हा तो अ‍ॅलन कीने पेच आवळत होता. वर न पाहता तो म्हणाला, "म्हणजे खेळ सुरू झाला तो दुरुस्तीपासूनच." त्याची बोटे लाल चिखल आणि काळी वंगणे यांनी भरली होती, आणि नखाच्या कडेला पेच लागून थोडे रक्त आले होते. चाक बसवल्यावर त्याने मला लगेच उतरू दिले नाही. देवळासमोरच्या तीसचाळीस पावलांच्या सपाटीवर वीस वेळा सायकल पळवून थांबवायला लावली, कारण नवे पॅड डिस्कवर बसल्याखेरीज नीट धरत नाहीत.

बामणोलीला पोहोचलो तेव्हा पाऊस ओसरला होता. इथे कोयनेला सोळशी आणि कांदाटी या नद्या मिळत. आता त्या जागी शिवसागर आहे, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा आणि भरला की शंभराहून अधिक टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी धरणारा. साताऱ्याकडची माणसे या पाण्याबद्दल फुटांत बोलतात. २१६३ फूट झाले की धरण भरले. आम्ही गेलो तेव्हा ते पुष्कळ खाली होते. पावसाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, काठाला बांधलेल्या लाँच अजून खालच्या चिखलात तिरक्या टेकल्या होत्या, आणि पाणी व गाव यांच्यामध्ये कोवळ्या गवताचा रुंद पट्टा पसरला होता. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांनी सायकली पडवीत घ्यायला लावल्या आणि चहा दिला. मित्राने त्यांना जुन्या गाडीवाटेबद्दल विचारले. काकांनी हाताने दिशा दाखवली आणि म्हणाले, "आहे, पण आता दिसत नाही. गाळात उतरू नका. पाय जाईल गुडघ्यापर्यंत."

आम्ही सायकली हातात धरूनच खाली गेलो. पन्नास पावलांवर गवत संपले आणि गाळ सुरू झाला. तांबूस, लोण्यासारखा मऊ, वर गुरांच्या खुरांची भोके. वाट कुठेच दिसत नव्हती. साठ वर्षे दरवर्षी पाणी त्यावरून चढले आणि उतरले होते आणि प्रत्येक वेळी थोडा गाळ ठेवून गेले होते. मित्र काही वेळ उभा राहिला. मग त्याने सायकल पुढे ढकलून पाहिली. पुढचे चाक वीतभर रुतले. ते ओढून काढले, दोन हात डावीकडे सरकला, पुन्हा ढकलले, पुन्हा रुतले. असे करत करत तो काठाला समांतर सरकत होता आणि मी काही न बोलता पाहत होतो. सातव्या की आठव्या वेळी चाक रुतले नाही. दोन बोटे गाळ बाजूला सरला आणि टायर कशावर तरी टेकला. त्याने हँडल दाबले, सीटवर भार दिला. चाक तसेच राहिले.

"इथे आहे," तो म्हणाला.

गाळाखाली दगड होते. गाडीरस्त्यासाठी कोणी एके काळी हातांनी बसवलेले, साठ पावसाळे पाण्याखाली काढूनही न हललेले. मित्र सायकलवर बसला. अगदी संथ, चालण्याच्या गतीने तो निघाला, आणि आता वाट डोळ्यांना न दिसता चाकाला कळत होती. जरा उजवीकडे गेले की टायर मऊ पडे, डावीकडे आले की पुन्हा टणक होई. मी त्याच्या चाकाच्या खुणेवरून चालवत होतो. माझ्या सायकलीच्या फोर्कला आघात झेलणारी कमान आहे, म्हणून मी ती पेच फिरवून बंद केली. मला ते दगड हातांपर्यंत यायला हवे होते. ते आले. तळव्यांत, मनगटांत, दातांत. गाळाचा थर असूनही प्रत्येक दगड वेगळा कळत होता. वाट किंचित वळली, एका जुन्या झाडाच्या काळ्या खुंटाजवळून गेली, एका घराचे जोते म्हणावे अशा चौकोनी उंचवट्याला तिने वळसा घातला आणि मग कुठेही न थांबता पाण्यात उतरली.

मित्राने पुढचे चाक पाण्यात अर्धे जाईपर्यंत नेले आणि थांबला. समोर पाणी मातकट आणि शांत होते, पलीकडे डोंगरांवर ढग उतरले होते, आणि वाट त्या पाण्याखालून पुढे जात होती हे उघड होते, कारण बुडालेल्या चाकाखालीही दगड होता. आबांचे गाव खोऱ्यात नेमके कुठे होते, हे आता सांगता येण्यासारखे नाही. नदीच्या वळणावर, दोन आंब्यांच्या मध्ये, एवढीच खूण त्यांनी सांगितली होती, आणि तिथे आता नदीही नाही आणि वळणही नाही. ही त्यांचीच वाट होती का, हेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आबा जिथे बाजारहाटाला येत असे सांगत, तिथून खोऱ्यात जाणारी ही वाट होती. मित्र किती वेळ उभा होता, ते मी घड्याळात पाहिले नाही. पावसाची एक सर आली, पाण्यावरून आमच्याकडे चालत आलेली दिसली, आणि आम्ही दोघेही भिजलो. त्याने तळहात पुढे धरला.

रात्री जेवायला नाचणीची भाकरी आणि झुणका होता. जेवण झाल्यावर पावसाने जो सूर धरला तो पहाटेपर्यंत सोडला नाही. मी अंथरुणावर जागा होतो. या जलाशयातल्या पाण्याचा मोठा भाग पूर्वेकडे नदीतून न जाता बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतो, तिथे वीज निर्माण करतो आणि वाशिष्ठीला मिळतो. महाराष्ट्राचे कारखाने आणि घरे या विजेवर उजळली, त्यांत माझ्या आईवडिलांचे घरही असेल. हे मला शाळेपासून ठाऊक होते. कोयना म्हणजे महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी, असे आम्ही पाठ करत असू. त्या पाठाच्या पलीकडची बाजू माझ्या शेजारी झोपली होती, आणि तीही झोपली नव्हती. बऱ्याच वेळाने अंधारातून मित्राचा आवाज आला, "हा नुसता आवाज नाही करत रे."

सकाळी काठावर गेलो तर पाणी चढले होते. काल जिथे आमच्या चाकांच्या खुणा होत्या तिथे ते पसरले होते, आणि तो काळा खुंट अर्धा बुडाला होता.

परतीच्या चढाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. तो लांब होता, जळवा मोज्यांत शिरल्या होत्या आणि देवळाच्या ओसरीवर बसून आम्ही त्या मीठ लावून काढल्या. नव्या पॅडनी एकदाही दगा दिला नाही. तिसऱ्या दिवशी ठोसेघरचा धबधबा धुक्यामुळे केवळ ऐकला, आणि चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांची पाती डोक्यावरून फिरताना ऐकू येत होती पण दिसत नव्हती. तिथेही आम्ही डांबरावरूनच गेलो आणि या वेळी ते मला कोणी सांगावे लागले नाही.

पुण्यात मित्राच्या सोसायटीत पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. रॅकवरच्या सायकली वाटेतल्या पावसाने वरवर धुतल्या गेल्या होत्या, परंतु पेडलच्या आसाखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि फोर्कच्या बेचक्यात लाल चिखल तसाच बसलेला होता. अण्णा खाली आले. त्यांचे गुडघे दुखतात, ते सहसा जिन्याने उतरत नाहीत आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. त्यांनी प्रवास कसा झाला, काय खाल्ले, भिजलात का, असे काहीही विचारले नाही. ते मित्राच्या सायकलीजवळ वाकले, मडगार्डच्या आत अंगठा घालून त्यांनी चिखल काढला आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये पुष्कळ वेळ चोळला. मित्राने पट्टे सोडण्याचे थांबवले. मीही थांबलो.

"वाट सापडली?" अण्णांनी विचारले.

"सापडली, अण्णा. पाण्यात जाते."

अण्णांनी मान हलवली. ते बोटांकडेच पाहत होते.

"धक्के बसत होते का?"

"हो," मित्र म्हणाला. "बसत होते."